हिरकणीचा कडा: उतरण्याच्या खेळाच्या नोंदी

१४ जुलै २०२५

कॉलेजच्या या सत्राचा प्रकल्प ठरला. बाजूनं दिसणारा छोटा द्विमितीय खेळ, एकच पात्र, एकच कडा. हिरकणी रायगड उतरते, एवढंच. गोष्ट शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे: कोजागिरीला दूध घालायला गडावर गेलेली बाई, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरात तान्हं बाळ, आणि मग अंधारात उतरलेला कडा. आख्यायिका आहे, मी ती आख्यायिका म्हणूनच घेतेय. मला त्यातलं उतरणं हवंय. चढायचे खेळ भरपूर आहेत. वरून खाली येणं हाच ज्याचा कणा आहे आणि तरी ते सावकाश, हातापायांनी करावं लागतं, असा खेळ मला शोधून फारसा सापडला नाही. म्हणून या नोंदी ठेवतेय. दुसऱ्या कुणाला असंच काही करायचं असेल तर माझा गेलेला वेळ त्याचा वाचेल.

साहित्य: गोडो ४.४ (खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट, मुक्त परवान्याचं), चित्रांसाठी एसप्राइट, आठ जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप, आणि जुन्या बाजारातून ११०० रुपयांना घेतलेला कंट्रोलर. कंट्रोलरवर पैसे घालवावेत का, असं मैत्रिणीनं विचारलं होतं. घालवावेत. पकड हा ज्या खेळाचा विषय आहे तो नुसत्या कीबोर्डवर जोखता येत नाही.

सोबत खेळायची यादी केली: सेलेस्ट, स्पेलंकी, डाउनवेल, जुसाँ, राजी. मजा म्हणून नाही, प्रत्येकातला एकेक प्रश्न सोडवायला. सेलेस्ट आणि राजी आधीच होते, बाकीचे उन्हाळी सेलमध्ये घेऊन ठेवले होते.

२१ जुलै

सुरुवात सेलेस्टपासून केली, कारण तो २०१८ चा खेळ असला तरी त्यातल्या पात्राच्या हालचालीचा कोड मॅडी थोर्सन आणि नोएल बेरी या त्याच्या निर्मात्यांनी सगळ्यांना वाचायला खुला ठेवलाय. ज्याला प्लॅटफॉर्मर, म्हणजे धावत-उड्या मारत पुढे जायचा खेळ, करायचाय त्यानं हा कोड एकदा वहीत उतरवून काढावा.

आकडे असे: पडदा ३२० गुणिले १८० पिक्सेल. धावण्याची कमाल सेकंदाला ९० पिक्सेल, उडीचा वेग १०५, गुरुत्व ९००, पडण्याची कमाल १६०. कडेवरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मान्य होते. वर जाताना डोकं कोपऱ्याला घासलं तर पात्र ४ पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवलं जातं, म्हणजे उडी वाया जात नाही. उडीच्या माथ्यावर गुरुत्व निम्मं होतं, त्यामुळे तिथं क्षणभर तरंगल्यासारखं वाटतं. खेळणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त वाटतं की आपण छान खेळतोय.

गोडोचा तयार नमुना-कोड वापरणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यात धावण्याचा वेग ३०० आणि उडीचा ४०० असतो. ते आकडे मोठ्या चित्रांसाठी आहेत. १८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर ती उडी जवळजवळ अर्धा पडदा ओलांडते. मी सेलेस्टचे आकडे जसेच्या तसे घातले आणि एका संध्याकाळीत आठ पिक्सेलच्या साडेतीन टाइलची (टाइल म्हणजे पातळी ज्या चौकोनांनी रचतात तो एक चौकोन) सुरेख उडी मिळाली. त्या रात्री प्रकल्प अर्धा झाल्यासारखा वाटत होता.

३ ऑगस्ट

पकड घातली आणि सगळं बिनसलं.

सेलेस्टमध्ये भिंत धरून राहायला दम लागतो. एकूण दम ११०. नुसतं लटकून राहिलं तर सेकंदाला १० जातो, वर चढलं तर साधारण ४५. आणि खाली उतरलं तर? शून्य. शिवाय वेगही जास्त: वर ४५, खाली ८०. मी हे सगळं उतरवून घेतलं, कडा उभा केला, हिरकणीला वर ठेवलं आणि खालचं बटण दाबून धरलं. ती भिंतीला चिकटून सरळ घरंगळत तळाला पोचली. ना दम गेला, ना काही ठरवावं लागलं.

आकडा चुकीचा नाही, तो वेगळ्या खेळाचा आहे. सेलेस्ट हा डोंगर चढायचा खेळ. तिथं खाली येणं म्हणजे माघार, आणि चुकून पुढे गेलेल्याला माघार घेऊ द्यावी, त्याचा दंड नको, म्हणून ते फुकट ठेवलंय. तिथली ती माया आहे. माझ्याकडे तीच माया घातली तर खेळच उरत नाही. आता प्रत्येक आकडा वहीत लिहिताना शेजारी ‘हा कशासाठी आहे’ असा रकाना आखलाय. तो भरता आला नाही तर आकडा घ्यायचा नाही.

उलटं करून पाहिलं: खाली उतरताना सेकंदाला ३०, लटकताना ८, वर चढताना १२. लगेच बरं वाटलं, पण दोन वर्गमित्रांना खेळायला दिल्यावर दोघंही घाईनं उतरायला लागले. थांबलं तरी दम जातोच, मग थांबायचं कशाला? उतरताना खरी गरज असते ती थांबून पाय चाचपायची. म्हणून नियम बदलला: दोन्ही पाय खोबणीवर टेकलेले असतील तर दम जात नाही, हळूहळू भरतोही. एक पाय अधांतरी असला की जातो. आकडे तेच ठेवले, फक्त ते केव्हा लागू व्हायचे ते बदललं. दोघांनीही पुढच्या खेपेला आपण होऊन मध्ये थांबून खाली पाहायला सुरुवात केली.

२४ ऑगस्ट

ऑगस्टचा बहुतेक महिना एका कल्पनेत गेला आणि ती आज काढून टाकली. का गेला ते सविस्तर लिहिते, कारण ही कल्पना चढाईचा खेळ करणाऱ्या प्रत्येकाला सुचते.

जुसाँ हा डोन्ट नॉड या फ्रेंच कंपनीचा २०२३ चा खेळ. त्यात कंट्रोलरचा डावा ट्रिगर (बोटानं ओढायचं बटण) म्हणजे डावा हात, उजवा ट्रिगर म्हणजे उजवा. एक दाबून धरायचा, दुसरा सोडायचा, कंट्रोलरवरच्या काठीनं पुढच्या खोबणीकडे हात न्यायचा. पात्राला सतत दोर बांधलेला असतो, त्यामुळे मरण नाही. तासाभरात बोटांना लय सापडते आणि आपण खरंच चढतोय असं वाटायला लागतं. मला वाटलं, हिरकणीला हात दोन, पाय दोन, चारही वेगळे देऊ.

चालू झालं. तांत्रिक अडचण काही नव्हती. पण खेळणाऱ्याचं सगळं लक्ष कुठलं बटण कुठल्या पायाचं यातच अडकायचं. कड्याकडे कुणी बघेच ना. ट्रिगरचा जोर बदलून पाहिला, पाय आपोआप हलवून पाहिले, हात आपोआप आणि पाय हाती असंही केलं. शेवटी जुसाँ पुन्हा लावला आणि फक्त नजर कुठे असते ते पाहत बसले. चढताना डोळे वर असतात आणि हातही तिकडेच जातो. जिथं बघतो तिथंच हात. त्यामुळे दोन ट्रिगर पुरतात, बाकीचं डोळे करतात. उतरताना पाय जिथं जायचा तिथं डोळे पोचतच नाहीत. मध्ये स्वतःचंच अंग येतं. म्हणजे चार अवयव चालवायला देऊन मी खेळणाऱ्याला कष्ट दिले होते, न दिसण्याची भीती नव्हती दिली.

आता एकच पकडीचं बटण. खालचं बटण हलकं दाबलं की एक पाय खाली चाचपतो. खोबण असेल तर दगडाचा भरीव आवाज, नसेल तर खडे घरंगळल्याचा. पाय टेकायला साधारण पाव सेकंद. त्या पाव सेकंदात खेळणारा कान देऊन ऐकतो. जो परिणाम चार अवयवांतून येत नव्हता तो या आवाजानं आणला. आवाज मैत्रिणीनं कोथरूडच्या एका बांधकामाबाहेर फोनवर घेतले, खर्च शून्य.

३१ ऑगस्ट

रायगड. पाऊस आणि धुकं. पुण्याहून तिघी, जाण्यायेण्याचा, रोपवेचा आणि जेवणाचा मिळून माणशी दोन हजारांच्या आत खर्च. रोपवेचं खालचं ठाणं हिरकणीवाडीतच आहे, त्यामुळे कडा पायथ्यावरून बघायचा होता तो तिथूनच पाहिला. धुकं मध्येच फाटायचं तेवढाच वेळ.

मी आतापर्यंत कडा म्हणजे एक सलग भिंत काढली होती. तो तसा नाही. काळा कातळ, मग तिरकी गवताची पट्टी, पुन्हा कातळ, पुन्हा पट्टी. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय. टणक थर सरळ तुटतो, त्याची भिंत होते. मऊ थर झिजतो, त्याचा उतार होतो आणि तिथं माती साठून गवत आणि कारवी माजते. पट्टीवरून पाण्याची धार खालच्या कातळावर पडत होती आणि धारेखालचा दगड शेवाळानं हिरवागार होता.

परत येताना गाडीतच पातळीचा नवा आराखडा काढला. कातळ सहा ते दहा टाइल उंच, पट्टी दोन-तीन टाइलची आणि तिरकी. कारवीच्या बुंध्याला धरता येईल, पण हलक्या वजनाचा एकच झटका तो सोसेल. जुना नकाशा पूर्ण टाकला. त्याबद्दल मुळीच वाईट वाटलं नाही.

१० सप्टेंबर

४ तारखेला सिल्कसाँग हा खेळ आला आणि वर्गात दुसरं बोलणंच नाही. ॲडलेडच्या टीम चेरीचा. मीही खेळतेय.

माझ्या कामाची गोष्ट एकच. आधीच्या हॉलो नाइटमध्ये खाली वार केला की तो सरळ खाली जायचा आणि शत्रूवर किंवा काट्यांवर टेकून पात्र परत उसळायचं. इथं हॉर्नेट या मुख्य पात्राचा सुरुवातीचा खालचा वार तिरका जातो. अनेकांना तो खटकला, मलाही पहिले दोन दिवस नेम लागेना. पण हात बसल्यावर कळलं की तिरकेपणामुळे उडी मारायच्या आधीच ठरवावं लागतं आपण कुठून येणार ते. सरळ खाली येताना आपण फक्त ‘केव्हा’ ठरवतो, तिरकं येताना ‘कुठून’ही ठरवतो.

वाट सरळ खाली ठेवायची नाही, नागमोडी करायची. गवताच्या पट्ट्यांवरून आडवं चालत जाऊन पुढची उतरायची जागा शोधायची. कॅमेऱ्याचा प्रश्नही यानं निम्मा सुटेल असं वाटतंय.

१८ सप्टेंबर

कॅमेरा. गणित आधी सांगते. पडदा १८० पिक्सेल उंच, हिरकणी मधोमध, म्हणजे तिच्याखाली ९० पिक्सेल दिसतात. पडण्याची कमाल सेकंदाला १६०. तर पडद्याच्या खालच्या कडेला दिसलेली गोष्ट अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळात पायाखाली येते. ती ओळखायला, ठरवायला आणि बटण दाबायला तेवढ्यात वेळ नाही. पहिल्या चाचणीत जे जे ‘हा खेळ फसवतो’ असं म्हणाले ते सगळे याच जागेबद्दल बोलत होते.

हिरकणीला वरच्या एक तृतीयांशावर ठेवलं. आता खाली १२० पिक्सेल, म्हणजे पाऊण सेकंद. पुरतं. पण नवाच त्रास: पट्टीवर छोटी उडी मारली तरी कॅमेरा वरखाली व्हायचा आणि दहा मिनिटांत डोकं दुखायचं. उपाय जुनाच आहे, सुपर मारिओ वर्ल्डमध्ये वापरलेला: हवेत असताना कॅमेऱ्याची उभी हालचाल थांबवायची, पाय टेकला की मग नव्या उंचीवर न्यायचा. इटाय केरेन यांनी खेळ बनवणाऱ्यांच्या २०१५ च्या जीडीसी परिषदेत अशा सगळ्या कॅमेऱ्यांची वर्गवारी करून दाखवली होती, ते भाषण काढून बघाच. माझ्यासाठी एक अपवाद करावा लागला. पडण्याचा वेग १२० च्या वर गेला की कॅमेरा खाली सोडायचा, नाहीतर लांब पडताना हिरकणी पडद्याबाहेर जाते.

गोडोची तयार कॅमेरा-गुळगुळीतपणाची सोय बंद केली. एवढ्या छोट्या पडद्यावर तिच्यामुळे पिक्सेल थरथरतात. स्वतःचा दहा ओळींचा कोड लिहिला, शेवटी जागा पूर्णांकात आणली, थरथर गेली. दोन संध्याकाळ गेल्या यात.

पकडीत असताना खालचं बटण दाबून धरलं तर कॅमेरा आणखी ४० पिक्सेल खाली बघतो. ही स्पेलंकीची सोय आहे. तिथं बसून राहिलं की नजर खाली जाते. मी त्याला किंमत लावली: वाकून बघताना दम जातो.

कॅमेऱ्याबद्दल अजून एक, कौतुकानं. राजी हा आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. राजी भिंतीच्या कंगोऱ्यांवरून चढते तेव्हा कॅमेरा मागे मागे जातो, ती बोटाएवढी होते आणि राजस्थानी वळणाचा तो महाल सगळा पडदा व्यापतो. महाल किती मोठा आहे हे तिथं कुणी बोलून दाखवत नाही. मला कड्याच्या मध्यावर एकदाच हे करायचंय. हिरकणी पट्टीवर पोचते, कॅमेरा मागे जातो, वर उतरलेलं आणि खाली उरलेलं दोन्ही एकदम दिसतं. ३२० पिक्सेलमध्ये ती चार पिक्सेलची होईल. चालेल.

२७ सप्टेंबर

हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता, इतका तो मुळाशी आहे. उतरायच्या खेळात पडणं म्हणजे फायदा.

चढायच्या खेळात पडलं की कमावलेलं जातं. बेनेट फॉडी यांचा गेटिंग ओव्हर इट त्या एकाच धक्क्यावर उभा आहे. माझ्याकडे पडणारा माणूस घराच्या जवळ जातो! मग पकड, दम, चाचपणं हे सगळं कशाला करायचं? दहा टाइलपेक्षा जास्त पडलं तर शेवटच्या पट्टीपासून पुन्हा, असा नियम होता. मेसच्या काकूंचा दहावीतला मुलगा खेळायला बसला आणि त्यानं नऊ-नऊ टाइलच्या उड्या टाकत सगळा कडा संपवला. पकडीचं बटण एकदाही वापरलं नाही. त्याचं बरोबरच होतं, मी तसा नियम केला होता.

वरून खाली जाणारे दोन खेळ पुन्हा लावले. डाउनवेल हा ओजिरो फुमोतो यांचा, २०१५ चा. तिथं पडणं हाच खेळ आहे. बुटांतून खाली गोळ्या झाडल्या की पडण्याचा वेग कमी होतो, म्हणजे हत्यार हाच ब्रेक. माझ्या गोष्टीला ते लागू नाही. डेरेक यू यांच्या स्पेलंकीत मात्र लांब पडलं की इजा होते आणि वर क्षणभर पात्र सुन्न पडतं. खरी भीती त्या सुन्न क्षणाची असते, कारण त्यात काहीही येऊन धडकू शकतं. म्हणजे पडण्याला मोठी शिक्षा लागत नाही. पडल्यानंतर काही काळ सूत्रं हातातून गेली पाहिजेत.

माझ्या कड्यावर त्याची सोय निसर्गानंच करून ठेवली होती: तिरकं, ओलं गवत. आता साडेतीन टाइलहून जास्त उंचीवरून पट्टीवर उतरलं की हिरकणी घसरते. जितकी उंची तितकी लांब घसरण. घसरताना पकड दाबली तर दम देऊन थांबता येतं, दम नसेल तर पट्टी संपते आणि पुढचा कातळ येतो. उडी टाकायला बंदी नाही. पण उडी टाकायची तर दम राखून ठेवावा लागतो आणि पट्टी रुंद आहे का ते आधी वाकून बघावं लागतं. तोच मुलगा आज परत खेळला. पहिल्या पट्टीवरच घसरून गेला, मग थांबला, मग पहिल्यांदाच पकडीचं बटण कुठलं ते विचारलं.

यानंतर क्षमेची सोय केली, सेलेस्टची तत्त्वं घेऊन पण उलट्या दिशेनं. तिथं कडेवरून पाय सुटल्यावर ०.१ सेकंद उडी मिळते. इथं खोबण हातातून निसटल्यावर ०.१ सेकंद पकड मिळते आणि हात ४ पिक्सेलपर्यंत वर ओढून घेतला जातो. तिथं डोकं कोपऱ्यावरून सरकवतात, इथं चाचपणारा पाय ३ पिक्सेल अलीकडे-पलीकडे असला तरी खोबणीवर बसवते. आणि कडेपर्यंत रांगत गेलं की हिरकणी आपोआप कडेला लटकते, हे स्पेलंकीतून घेतलं. हे नव्हतं तेव्हा लोक कडेवरून चालत जाऊन पडायचे आणि पकड शोधायचे.

६ ऑक्टोबर

कोजागिरी. गच्चीवर दूध आटवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे बराच वेळ तिथंच होते.

खेळात मी कड्यावर चांदणं पाडलं होतं. निळसर कातळ, पांढऱ्या कडा. चित्र देखणं होतं, मॅडमनाही आवडलं होतं. गच्चीवर चंद्र वर आला तेव्हा पाण्याच्या टाकीकडे लक्ष गेलं. पूर्वेची बाजू लख्ख, पश्चिमेची काळी ठिक्कर. टाकीमागे ठेवलेली चप्पल सापडेना. हिरकणीचा बुरूज रायगडाच्या पश्चिम अंगाला आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. म्हणजे ती उतरायला लागली तेव्हा तिच्या बाजूचा कडा गडाच्याच सावलीत असणार. चांदणं समोरच्या डोंगरांवर आणि दरीत, कड्यावर नाही.

रात्रीच रंग बदलले. मागची दरी उजळ, कातळ जवळजवळ काळा, हिरकणी त्याहून एक छटा उजळ. एकूण पाच रंग. खोबणी आता दिसतच नाहीत, फक्त कड्याची बाह्यरेषा दरीच्या उजेडावर उठून दिसते. चाचपण्याच्या आवाजाला आता कुठे खरं काम मिळालं. आणि एक देणगी: मध्यरात्रीनंतर चंद्र माथ्यावरून पश्चिमेला कलतो, तेव्हा उजेड कड्याला वरून घासत खाली येतो. म्हणून खेळाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात पट्ट्यांच्या कडांवर एक-एक पिक्सेलची उजळ रेघ यायला लागते. दमलेल्या खेळणाऱ्याला तिथं थोडी मदत लागतेच. आणि ती कोजागिरीच्या चंद्राकडून आलेली असल्यानं उपरी वाटत नाही.

१२ ऑक्टोबर

देवनागरी. हा भाग मराठीत खेळ करणाऱ्या सगळ्यांसाठी, आणि यात तीन वेगवेगळे खड्डे आहेत.

पहिला: ३२० गुणिले १८० च्या पडद्यावर देवनागरी वाचता येत नाही. शिरोरेखेच्या वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, याला आठ पिक्सेलची उंची पुरत नाही. ‘हिरकणी’ कसंबसं निघतं, ‘सूर्यास्त’ गोळा होतो. मार्ग असा: खेळाचं जग छोट्या उप-व्ह्यूपोर्टमध्ये (खिडकीच्या आतल्या छोट्या पडद्यात), आणि अक्षरं त्याच्या बाहेर, वेगळ्या थरावर, खिडकीच्या पूर्ण रेझोल्यूशनला. फॉन्ट मुक्त परवान्याचा मुक्ता घेतला, मुंबईच्या एक टाइपचा.

दुसरा: अक्षरं एकेक करून उमटवण्याचा परिणाम. गोडो मुळात मजकूर अक्षरजुळणीच्या, म्हणजे वेलांट्या आणि जोडाक्षरं नीट जुळवण्याच्या, आधी तोडतो. त्यामुळे ‘कि’ उमटताना आधी ‘क’ दिसतो आणि मग वेलांटी येऊन तो बाजूला सरकतो, जोडाक्षरं पाय मोडलेली दिसतात. लेबलच्या (मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या) गुणधर्मांमध्ये दृश्य अक्षरांच्या वर्तनाची एक नोंद आहे, ती ‘जुळणीनंतर’वर न्या. एका टिचकीचं काम, ते सापडायला माझी दुपार गेली. गोडो ३ मध्ये अक्षरजुळणीच धड होत नव्हती, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका वाचून घाबरू नका आणि त्यांचे उपायही करू नका.

तिसरा: ब्राउझर. लॅपटॉपवर फॉन्ट दिला नाही तरी मराठी दिसते, कारण गोडो संगणकातला फॉन्ट उसना घेतो. ब्राउझरमध्ये ती सोय नाही, सगळीकडे चौकोन येतात. फॉन्टची फाइल प्रकल्पात घालून मूळ थीमलाच जोडा, म्हणजे एखादं लेबल सुटणार नाही.

२३ ऑक्टोबर

दिवाळीला साताऱ्याला मामाकडे. लॅपटॉप नेला होता. मामेभावंडं खेळलीच, पण मला मामीला खेळवायचं होतं. तिनं आजवर फोनवरच्या पत्त्यांपलीकडे काही खेळलेलं नाही.

कंट्रोलर हातात दिल्यावर पहिल्या कातळावरच अडकली. पकड दाबून धरायची, सोबत खालचं बटण, हे दोन एकत्र जमेना. बोट दुखतं म्हणाली. तिथल्या तिथे पकड ‘एकदा दाबली की लागलेली, पुन्हा दाबली की सुटलेली’ अशी पर्यायी केली. मग वेग. सेलेस्टमध्ये मदतीची वेगळी सोय आहे, खेळाचा वेग दहा-दहा टक्क्यांनी निम्म्यापर्यंत उतरवता येतो आणि ती वापरणाऱ्याला कुठेही कमी लेखलेलं नाही. गोडोत कालमापनाचा एकच आकडा बदलला की हे होतं. आवाज त्यानं हळू होत नाही, तो वेगळा बदलावा लागतो. मी मुद्दाम बदलला नाही, कारण चाचपण्याचा आवाज स्पष्टच हवा.

७० टक्के वेगावर मामी दुसऱ्या पट्टीपर्यंत पोचली. तिथं थांबली आणि म्हणाली, ‘‘अगं, ही खाली तोंड करून का उतरते? कोकणातल्या आमच्या घराच्या दगडी पायऱ्या पावसात आम्ही कायम पाठमोऱ्या उतरायचो, हात वरच्या पायरीवर ठेवून.’’ पट्टीवरून कातळावर येताना माझी हिरकणी समोर तोंड करून सरकायची. त्या हालचालीची चार चित्रं होती, दोन दिवसांत नवी काढली. ती आता आधी वळते, ओणवी होते, हात वरच्या कडेवर ठेवते आणि मग पाय सोडते. दर उतरणीला पाव सेकंद वाढला. पण पाहणाऱ्याला आता लगेच कळतं की हिला कडा उतरणं माहीत आहे.

९ नोव्हेंबर

बाळाच्या रडण्याचं काय करायचं हे शेवटपर्यंत लांबलं होतं. पहिला विचार कालमर्यादेचा होता. स्पेलंकी एचडीमध्ये एका पातळीवर अडीच मिनिटं रेंगाळलं की भूत येतं, तसं काही. करून पाहिलं. लोक पुन्हा घाईत उड्या टाकायला लागले आणि ऑगस्टमध्ये मिळवलेलं थांबणं गेलं. शिवाय बाळाचं रडणं हा घड्याळाचा ठोका होऊ नये असं मला मनापासून वाटतं. आता मर्यादा नाही. खालच्या तिसऱ्या भागात आवाज अगदी बारीक सुरू होतो, जसजसं खाली यावं तसा स्पष्ट होतो आणि ती ज्या बाजूला चुकीची वळते तिकडे दबतो. नागमोडी वाटेवर दिशा सांगायचं काम तोच करतो. बाण, नकाशा, काही लागलं नाही.

ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती एका थ्रेडवर (सगळं काम एकाच धाग्यात चालेल अशी) काढली. गोडो ४.३ पासून ही सोय आहे आणि मग खेळ ठेवायच्या सर्व्हरवर खास हेडर (ब्राउझरसाठीच्या सूचना) लावायची कटकट राहत नाही. जुन्या फोनच्या ब्राउझरवर आवाज किंचित उशिरा येतो. आवाजावर चालणाऱ्या खेळात ते परवडत नाही, म्हणून फोनची आवृत्ती तूर्त दिलेली नाही.

कॉलेजात दिलेल्या आवृत्तीत हे आकडे आहेत, ज्याला हवेत त्यानं घ्यावेत, पण सोबतचं कारणही घ्यावं. दम १००. उतरताना सेकंदाला ३०, कारण एक पाय अधांतरी. एका पायावर लटकताना ८. दोन पायांवर भरतो, सेकंदाला २०. वाकून बघताना १२, कारण माहिती फुकट नको. घसरण साडेतीन टाइलच्या पुढे, कारण तेवढी तिची स्वतःची उडी आहे आणि स्वतःच्या उडीनं कुणी घसरू नये.

एकूण खर्च कंट्रोलर, रायगड आणि सेलमधले खेळ मिळून पाच हजारांच्या आत. कड्याच्या तळाचं झाडीतला शेवटचा टप्पा अजून कच्चा आहे. तिथं कातळ नाही, त्यामुळे पकड निरुपयोगी होते आणि खेळ अचानक नुसता चालण्याचा होतो. दोन मार्ग डोक्यात आहेत: तो भाग पूर्ण कापायचा आणि शेवटच्या कातळाच्या पायथ्यालाच घर दाखवायचं, किंवा तिथं पकडीऐवजी हातानं फांद्या बाजूला सारायच्या. दुसरा डिसेंबरमध्ये करून बघणार, तोवर पहिलाच ठेवलाय.